पाच सेंटिमीटरची रेघ

रेघवाले काका हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही. तीस वर्षं हा माणूस एकच काम करत आला होता, खेळाच्या मैदानांवर रेघा ओढायचं. दोरी ताणायची, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची, मधे पांढरा रंग भरायचा आणि तो वाळायच्या आत कोणी पाऊल टाकलं तर त्याचा यथेच्छ उद्धार करायचा. "आपली रेघ केसभरही चुकत नाही," हे जेवताना ऐकून ऐकून लेकीचे कान किटले होते. खेळांशी मात्र काकांचं वाकडं. खेळ म्हणजे चांगल्या रंगाची वाट लावायचा उद्योग, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

तरीही त्या दिवशी ते जन्मात पहिल्यांदा सामना बघायला बसले. बास्केटबॉलची अंतिम फेरी, तीही त्यांनीच रंगवलेल्या हॉलमध्ये, आणि संघात लेक. तिचं हे शेवटचं वर्ष. जिंकलेला संघ पुढच्या स्पर्धेला जाणार होता, हरलेल्यांचा खेळ इथेच संपणार होता.

शेवटची काही सेकंदं उरली होती आणि लेकीचा संघ एका गुणाने मागे होता. कडेला निसटलेला चेंडू तिने धावत जाऊन धरला, गर्रकन वळली आणि तिथूनच फेकला. चेंडू जाळीतून खाली आला. काका आनंदाने असे ओरडले, की शेजारच्या माणसाच्या हातातला चहा सांडला. पण शिट्टी आधीच वाजली होती. पंचबाई लेकीच्या बुटाकडे बोट दाखवत होत्या. बुटाचं टोक रेघेवर होतं, फार तर दोन बोटं.

बाकीच्या मुलींनी पंचबाईंना गराडा घातला. लेक मात्र तिकडे फिरकलीच नाही. तिने एकदा खाली पाहिलं आणि चूक मान्य करत मुकाट्याने हात वर केला. चेंडू समोरच्यांना मिळाला, वेळ संपली, सामना गेला.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दी पांगताच ते पंचबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"अहो, पोरीचा पाय रेघेवर होता, बाहेर नव्हता! ती रेघ मी ओढलीय, मला शिकवताय?"

"काका, रेघेला पाय लागला की बाहेरच. बास्केटबॉलमध्ये रेघ मैदानात धरत नाहीत."

"म्हणजे? रेघ मैदानाची नाही?"

"नाही. हवेत उडी मारून पलीकडे गेलात आणि जमिनीला टेकायच्या आत चेंडू आत फेकलात, तर चालतं. पण रेघेवर पाय टेकला की संपलं. मैदान रेघेच्या आतल्या कडेलाच संपतं. मापसुद्धा तिथूनच घेतात."

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं ते व्हॉलीबॉलच्या मैदानावर. तिथे रेघ मैदानातच धरतात, म्हणून माप बाहेरच्या कडेपासून. तोच हिशोब काकांनी पुढे डोळे झाकून बास्केटबॉललाही लावला. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. रेघवाल्या काकांची रेघ कोण कशाला मोजायला जातंय!

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी पिशवीतून टेप काढली. घाईघाईत टेपचं टोक दोनदा सुटलं. लेक खांद्यावर टॉवेल टाकून आली, काही न विचारता तिने ते टोक उचललं आणि पलीकडच्या रेघेच्या आतल्या कडेला धरून बसली.

आतून आत पंधरा मीटर भरायला हवं होतं. काकांनी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"किती भरलं, बाबा?"

पंधरा, असं म्हणून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"चौदा नव्वद," ते म्हणाले. "दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर मी खाल्लेत. रेघ जागेवर असती तर तुझा पाय आत होता गं."

लेक त्या रेघेकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकांना ते बघवेना.

"सगळ्या जणी भांडत होत्या," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "तू का नाही भांडलीस? लगेच हात कशाला वर केलास?"

टेप अजून तिच्या हातातच होती.

"रेघ तुमची होती ना, बाबा," ती म्हणाली.