साखरेचा डबा

इन्सुलिन टोचण्याआधी नर्सने दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मी नाशिकरोडच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. आईने सकाळी उकळलेल्या काचेच्या सिरिंजने इन्सुलिन घेतलं, पण चतुर्थी म्हणून काही खाल्लं नाही. दुपारी ती घामाने निथळत, थरथरत म्हणाली, "बेबी, चिमूटभर साखर दे गं."

मी डबा छातीशी धरला. "साखर तुला विष आहे, आई. डॉक्टरांनी बजावलंय ना?"

ती डब्याकडे बघत राहिली, मग कलंडली. पुन्हा उठली नाही.

"हात थरथरले तर लगेच साखर खा, मावशी," आज नर्स म्हणाली.

शेजारणींना आई कौतुकाने सांगायची, "माझं पथ्य बेबीच सांभाळते."