उशिरा पडणारी थाप

आमचा ग्रुप म्हणजे चार माणसं, आणि त्यातली दोन एकाच घरातली. मी गाते, माझा मोठा भाऊ ढोल वाजवतो. आम्ही खापर गावचे. तिसरा पावरी फुंकणारा, वर डोंगरातल्या गावचा. भोपळ्याची ती पावरी त्याच्या बापानं केलेली. चौथा आमचा म्होरक्या, अक्कलकुव्याच्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा. पुण्याला इंजिनीअर व्हायला गेला आणि लॅपटॉपमध्ये पाण्याच्या मोटारीचे, एसटीच्या ब्रेकचे आवाज भरून परत आला. पोरगं नेमकं करतं काय हे त्याच्या बापाला अजून कळलेलं नाही. मलाही सुरुवातीला कुठे कळलं होतं!

‘प्रायोगिक’ हा शब्द त्याचा. आम्ही नुसतं ‘आपलं ते’ म्हणायचो. मागच्या दिवाळीनंतर दुकानाच्या माळ्यावर, पाइपांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून सुरुवात केली. दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि संध्याकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन अक्कलकुवा गाठायचं, हा माझा क्रम. पहिला कार्यक्रम विसरवाडीला झाला, हायवेलगतच्या एका हॉलमध्ये. मी एक ओळ गायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग ढोलाची एकच थाप, मग पावरी. मागची पोरं ओरडायला लागली, "टिमली वाजवा, टिमली!" आमच्याकडे लग्नात ज्यावर नाचतात ती टिमली. म्होरक्या म्हणाला, पुढच्या वेळी ऐकतील. कसली डोंबलाची पुढची वेळ, असं मी तोंडावर म्हणाले त्याला.

पण त्या दिवशी त्याला एक गोष्ट सापडली. रेकॉर्डिंग ऐकताना तो टुणकन उठलाच. "ताई, भाऊची थाप ऐका. तुमची ओळ संपते, आपल्याला वाटतं आता पडेल, आता पडेल, आणि तेव्हा पडत नाही. जीव वर होतो, मग पडते. हा उशीर कुणाकडेच नाही!" पावरीवाल्यानंही मान डोलावली. त्या दिवसापासून सगळं त्या उशिरावर बांधायला घेतलं. पावरीवाला थांबायला शिकला, लॅपटॉपसुद्धा थांबायला शिकला. लग्नात बोटावर ठेका खेळवणारा माझा भाऊ अचानक उशिरा का वाजवायला लागला, हे कुणी विचारलं नाही. प्रयोग म्हटल्यावर कोण विचारणार?

मला कळलं ते घरी. भाऊ ओट्याशेजारी पाटावर बसला होता, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, आणि वहिनी अंगणातून ओरडत होती की अहो, गॅस बंद करा. हा बसलाय आपला शांत, भिंतीकडे बघत. मी जाऊन गॅस बंद केला तेव्हा दचकला. मी पाठीमागून हळूच हाक मारली. मग जोरात मारली. तरी तो वळला नाही, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले.

त्यानं मला मागच्या दारी नेलं. डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरांशेजारी उभं राहून किती लग्नसराया वाजवल्या होत्या त्यानं. उजवा कान आधीच गेला होता, आता डावाही चालला होता. माझ्या ओठांकडे बघून तो थाप मारायचा. ओठ मिटले की ओळ संपली, मग हात उचलायचा. तोच तो उशीर.

"सांगून टाकू सगळ्यांना," मी म्हणाले.

"मन्ही आन शे तुले," तो म्हणाला. माझी शपथ आहे तुला. मग खाली बघत म्हणाला, "आजलगून लोक मन्हा ढोलवर नाचनात. बसीसन कोणीच ऐकं नही. आते ऐकी ऱ्हायनात."

आयुष्यभर लोक त्याच्या ढोलावर नाचले, आणि बसून ऐकणारी माणसं त्याला आत्ता कुठे मिळाली होती. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी आन पाळली.

वहिनीला बाजाराला जातो सांगून आम्ही दोघं नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भले होते, समजावून बोलले. गेलेलं परत येणार नाही, आवाजापासून लांब राहा, मशीन लावून बघा. पण ढोलवाल्यानं आवाजापासून लांब राहायचं म्हणजे करायचं काय? मशीनही घेतलं. पहिल्याच हळदीला ते कानात असं किंचाळायला लागलं की त्यानं काढून खिशात टाकलं, ते खिशातच राहिलं. उन्हाळाभर तो लग्नं वाजवत राहिला आणि मी घरी शिलाई मशीनवर पाय मारत बसायचे. आज किती गेलं असेल, एवढंच डोक्यात. पाऊस सुरू होईपर्यंत असं झालं की मी समोर बसून बोलले तरच त्याला कळायचं.

आणि तेव्हाच पुण्याचं बोलावणं आलं. कुणीतरी आमचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं, छोटं नाट्यगृह होतं, दुपारचा कार्यक्रम. म्होरक्याचे पाय जमिनीवर ठरेनात. भाऊनं नवा सदरा शिवायला टाकला, माझ्याकडेच. माप घेताना गुणगुणत होता, आणि सूर पार भलतीकडेच जात होता.

पुण्यात पोचल्यावर म्होरक्यानं जाहीर केलं, दिवे सगळे बंद. "काळोख असला की माणूस कानानंच ऐकतो, ताई." माईक नको, साधा आवाज. आणि चौघांनी चार कोपऱ्यांत बसायचं, मध्ये प्रेक्षक. बिचाऱ्याला त्याच्या जागी सगळं बरोबरच वाटत होतं. मी म्हणाले, "एक बारकासा दिवा राहू दे माझ्या तोंडावर." तो हसला. "मग गंमत काय राहिली?"

"मी भाऊशेजारी बसणार."

"का पण?"

का ते सांगता येईना. मी भांडले, अरे बाबा, मला अंधाराची भीती वाटते, असं काहीबाही बोलले. पावरीवाला माझ्याकडे चमकून बघायला लागला. मी भाऊकडे वळून, ओठ मोठे करून सांगितलं, अंधार करणार आहेत. त्याला कळलं. मला चांगलं दिसलं की त्याला कळलं. क्षणभर तो हातांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "करू दे. मी देखी लेसू." मी बघून घेईन. काय डोंबल बघून घेणार होता काळोखात!

हॉल भरला. दिवे गेले. इतका काळोख की माझा हात मला दिसेना. मी पहिली ओळ गायले, होता नव्हता तेवढा जीव लावून, पार गळा फुटेपर्यंत. संपवली आणि थांबले. सगळे थांबले. म्होरक्या थांबला, पावरीवाला थांबला, आमचं अख्खं वर्षच थांबण्यात गेलं होतं. थाप पडली नाही. मी तीच ओळ पुन्हा गायले, त्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून. माणसं श्वास रोखून बसलेली. थाप नाही. तिसऱ्यांदा आवाजच फुटेना, नुसता हुंदका आला. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्या हॉलनं. उठून उभे राहून वाजवत होते लोक.

दिवे लागले. समोरच्या कोपऱ्यात भाऊ नव्या सदऱ्यात ताठ बसला होता, दोन्ही हात ढोलावर उचलून धरलेले. उजेडानं डोळे मिचकावत तो उभ्या माणसांच्या मधून मला शोधत होता. मी सापडले तसा त्याचा चेहरा उजळला. मी "भाऊ" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानं माझे मिटलेले ओठ पाहिले, मान डोलावली, आणि वाजवायला सुरुवात केली.