नाईकांचा डावा तळहात

नाईक ड्रायव्हर पेट्रोल आधी डाव्या तळहातावर घेत आणि मगच गाडीला देत. पंपाच्या नळीतून चमचाभर पेट्रोल तळहाताच्या खळग्यात घ्यायचे, हात उन्हाकडे धरायचा आणि एक ते साठ मोजायचे. चोख पेट्रोल साठाच्या आत उडून जाते आणि हात कोरडा होतो. त्यात घासलेट मिसळलेले असेल तर तेलकट चकाकी मागे राहते. साठ होईपर्यंत नाईक कोणाशी बोलत नसत. एकदा अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे पोलिसांचे अधिकारी, स्वतः काही विचारत उभे होते. त्यांनाही बेचाळीसपासून साठपर्यंत थांबावे लागले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. हिंगोली ते सेनगाव धावणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर कारकून होतो. तिकिटे फाडायची, माणसे मोजायची आणि गाडीबरोबर जायचे. बाकडी अठरा जणांची होती, बाजाराच्या दिवशी सव्वीस भरत. लढाई सुरू झाली आणि पेट्रोल कुपनावर मिळू लागले. गावात पंप एकच होता, त्यामुळे तिथे मिळेल ते घ्यावे लागे. कधी पेट्रोलमध्ये पाणी निघे, कधी घासलेट. पाणी अडवायला नाईकांजवळ मऊ चामड्याचा तुकडा होता. "पान्याला चामडं अडवतंय," ते म्हणत, "घासलेट गाळून बी येतंय. त्याला हातच पायजे."

नाईक हे त्यांचे आडनाव नव्हते. ते सेनगावाकडच्या एका तांड्याचे. त्यांचे आजोबा बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरलेले. म्हणून बाजारातली माणसे थट्टेने या ड्रायव्हरला नाईक, म्हणजे तांड्याचा पुढारी, म्हणू लागली आणि तेच नाव राहिले. आजोबा परक्या गावच्या पाण्यावर बैल कधीच सरळ लावत नसत. आधी ओंजळीत घेऊन वास घ्यायचा, जिभेला लावायचे, मग बैल. ही गोष्ट नाईकांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. शेवटी ठरलेले वाक्य असे: "बैल बोलत न्हाई, बाबू. इंजन बी बोलत न्हाई. त्याच्या तोंडात काय चाललंय ते ज्याचा बैल त्यानं बघावं."

त्यांच्या मोजण्याची सर्वांत जास्त टिंगल कासारमामा करत. हे सेनगावचे बांगड्या विकणारे. दर बाजाराला दोन पेट्या घेऊन येत आणि परतताना ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसत.

"नाईक, स्वतःचा हात बघून काय मिळतंय? माझा बघा की. अजून किती बाजार करीन ते सांगा!"

"तुमच्या हाताला बांगडीचा वास हाय, मामा. इंजन घेत न्हाई तसलं."

"इंजन न्हाई घेत तर तुमची बायको घेती! मागच्या बाजारी डझनभर नेल्या, विचारा तिला."

त्या जागेखाली लाकडाचा एक ठोकळा असे. चढावर गाडी दमली की नाईक "ठोकळा!" म्हणून ओरडत आणि कासारमामा उडी मारून तो मागच्या चाकाखाली सारत. हे त्यांचे काम नव्हते. पण गाडीचे ब्रेक भरल्या वजनाला पुरत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांची जागा दाराजवळ होती, म्हणून ते काम त्यांच्याकडे आले होते.

एका बाजाराच्या आदल्या दिवशी रेडिएटरचे झाकण उघडताना उकळते पाणी उसळले आणि नाईकांचा डावा तळहात भाजला. सकाळी ते हाताला फडके गुंडाळून पंपावर आले. मी म्हणालो, "उजव्यावर घ्या." ते म्हणाले, "उजवा ग्रीज खाऊन बसलाय, खोटं बोलतो. तुमचा द्या. कारकुनाचा हात कोरा असतो."

मी हात पुढे केला. पंपवाले शेटजी समोरच उभे होते. त्यांनी नुकतीच मला खुर्ची दिली होती, चहा पाजला होता.

"आता बाबू बी आमच्या मालाची नाडी बघणार का?" ते हसत म्हणाले. "चार माणसांत आमची इज्जत काढता, बाबू. घर की बात आहे."

मी मोजत होतो. तिसाला हात अजून ओला होता. तो साठापर्यंत सुकला असता किंवा नसता. मला भीड पडली. मी हात धोतराला पुसला आणि म्हणालो, "उडालं."

नाईकांनी माझ्याकडे पाहिले. मग टाकीचे झाकण उघडले.

परतीच्या फेरीला गाडीत सव्वीस माणसे होती. चढ लागला तसे इंजिन ठोके देऊ लागले, काळा धूर सोडू लागले आणि मध्यावर बंद पडले. गाडी मागे सरू लागली. "ठोकळा!" नाईक ओरडले. कासारमामांनी नेहमीसारखी उडी मारली. एरवी इंजिन नुसते दमायचे आणि ठोकळा बसेपर्यंत गाडीला धरून ठेवायचे. त्या दिवशी ते मेलेच होते. ठोकळा चाकाखाली बसायच्या आत चाक मामांवर आले. नाईकांनी गाडी बांधाला नेऊन आदळली, म्हणून पंचवीस माणसे वाचली. टाकी फुटून पेट्रोल मातीत गेले. छपरावरच्या पेट्या रस्त्यावर पडल्या होत्या. मामांपर्यंत जायला बांगड्यांच्या काचांवरून जावे लागले.

चौकशी अमीनसाहेबांसमोर झाली. तपासायला पेट्रोलचा थेंबही उरला नव्हता. शेटजी म्हणाले, "साहेब, नाईक साठ मोजल्याशिवाय थेंब घेत नाहीत, हे गाव जाणतं. मग माझा माल खोटा कसा?" अमीनसाहेबांना ते पटले, कारण त्यांनी स्वतः एकदा साठपर्यंत वाट पाहिली होती. त्यांनी नाईकांना विचारले, "त्या दिवशी पाहिलं होतं?"

"पाहिलं, साहेब."

"हात कुणाचा?"

नाईकांच्या हाताला फडके तसेच होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. अपघाताच्या दिवशी संध्याकाळी मी धोतर काढले तेव्हा पुसल्या जागी पिवळट डाग होता आणि त्याला घासलेटचा वास येत होता. ते मी स्वतः धुतले होते. मी खाली पाहिले.

"हात माझाच," नाईक म्हणाले.

त्यांचे लायसन गेले. त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही.

मला त्यांच्याकडे जायला एक वर्ष आणि चार महिने लागले. तांड्याखालच्या विहिरीवर ते बैलांना पाणी पाजत होते. डावा तळहात बरा झाला होता, पण कातडी आखडून बोटे आत वळली होती. मी रामराम केला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकले, "नाईक, मी तीसच मोजले होते."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी बी मनात मोजून राहिलो होतो."

"मग बोलला काहून नाहीत?"

त्यांनी बादली वर ओढून काठावर ठेवली. "शेटजीपुढं तुमाला खोटं पाडायचं? शिकलेला माणूस तुमी. मला बी भीडच पडली, बाबू. बैल माझा होता आन् पाणी दुसऱ्याच्या हातानं पाजलं." दोर गुंडाळत ते म्हणाले, "साठातले तीस तुमचे चुकले. उरलेले तीस माझे."

विहीर त्यांची स्वतःची होती. वर्षभर बैल तिचेच पाणी पीत होते. तरी त्यांनी आखडलेला हात बादलीत बुडवला, नाकाशी नेला, जिभेला लावला आणि मगच बादली बैलापुढे सरकवली.