खानूमच्या मागे टाकायचं पाणी

खानूम लिपस्टिक लावल्याशिवाय जिना धूत नसे. एडिनबरातल्या आमच्या इमारतीचा दगडी जिना भाडेकरूंनी पाळीपाळीने धुवायचा, असा दंडक होता. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची एक पाटी अडकवलेली असायची. ती दिसली की मी कपाळाला हात लावायचे. समोरच्या दारातली ही बाई मात्र आधी आरशासमोर उभी राहायची, लालभडक लिपस्टिक लावायची आणि मग बादली घेऊन बाहेर यायची. "जिन्यात तुला कोण बघतंय?" मी एकदा विचारलं. "मी बघते ना," ती म्हणाली.

तिचं खरं नाव लांबलचक होतं. खानूम म्हणजे बाईसाहेब. मी थट्टेने तसं म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. ती तेहरानची डॉक्टर, पॅथॉलॉजीच्या शिक्षणासाठी आलेली. मी आणि माझा नवरा मोहन पुण्याचे, त्याच हॉस्पिटलात नोकरीला. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती आणि ते मला विसरू देत नसे. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले, तिचं फारसी वळणाचं, माझं सदाशिव पेठी. रागावलो की दोघीही आपापल्या भाषेत बोलायचो आणि एकमेकींना नीट समजायचं.

कागदांचा तिला भारी सोस. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायची. एक स्वतःजवळ, एक तेहरानला आईकडे आणि एक बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्याकडे. त्यातला सगळ्यात जपलेला कागद कोर्टाच्या निकालाचा होता. नवरा मारहाण करायचा, म्हणून तिने घटस्फोट घेतला होता आणि तिथल्या नव्या कायद्याने मुलीचा, लालेचा, ताबा तिला मिळाला होता. लाले आजीजवळ तेहरानला होती. परीक्षा झाली की उन्हाळ्यात तिला इकडे आणायचं ठरलं होतं. "निकाल तुझ्या बाजूचा आहे, मग काळजी कसली?" मी म्हणायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे: "आमच्याकडे बाईला मिळालेला कायदा म्हणजे दुसऱ्याचा कोट. अंगात घालून फिर, पण तो कधी परत मागतील याचा नेम नाही." मला हे अतीच वाटायचं. आपल्या हक्काचा कागद कोणी परत मागू शकतं, ही कल्पनाच मला शिवली नव्हती.

दुसरी तिची खोड पाण्याची. कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे वाडगाभर पाणी टाकायचं, म्हणजे जाणारा सुखरूप परत येतो, अशी त्यांच्याकडे रीत. आम्ही मुंबईला निघालो की ती भांडं घेऊन दारात हजर. पाणी तीन मजले ओघळत खाली मिसेस गिलक्रिस्टच्या दारापर्यंत जायचं. ही म्हातारी विधवा जिन्याच्या पावित्र्याची राखणदार होती. त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, हिवाळा असा कडक पडला, की जानेवारीत मोहन मुलाखतीला वॉटफर्डला निघाला तेव्हा टाकलेलं पाणी पायरीवर गोठलं आणि मिसेस गिलक्रिस्ट त्यावरून घसरल्या. मनगट मुरगळलं. त्यांनी खानूमला काही ऐकवलं नाही, मला ऐकवलं. मी वर येऊन तंबी दिली, की यापुढे जिन्यावर पाणी नाही. शिवाय शहाणपणा शिकवला: "आमच्याकडे पाणीबिणी लागत नाही. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. तेवढं पुरतं." तिने तो शब्द चारदा घोकून पाठ केला.

त्याच महिन्यात इराणचा शहा देश सोडून गेला. खानूमने पिस्त्याची बर्फी करून जिन्यातल्या सगळ्या दारांवर वाटली, मिसेस गिलक्रिस्टनासुद्धा. तिच्या धाकट्या भावाला शहाच्या पोलिसांनी तीन वर्षं डांबलं होतं. तो सुटला होता. मला तिचा तो हसरा चेहरा अजून दिसतो, कारण नंतर तसा तो मी पाहिलाच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी दार उघडलं, तर खानूम जिना धूत होती आणि तिच्या ओठांना काही लावलेलं नव्हतं. काय झालं, ते तिने हात न थांबवता सांगितलं. नव्या धर्मसत्तेने आल्या आल्या तो कुटुंबाचा कायदा रद्द केला होता. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलगी सात वर्षांची झाली की बापाची. लालेला नुकतंच आठवं लागलं होतं. आदल्या दिवशी लालेचा बाप खानूमच्या आईच्या दारात येऊन सांगून गेला होता, की तीन आठवड्यांनी इराणी नवं वर्ष सुरू होईल, त्या दिवशी मुलगी न्यायला येतो. "मुलीवर हक्क बापाचा," खानूम फरशी घासत म्हणाली, "बापाइतकाच बापाच्या बापाचा. नऊ महिने पोटात वागवणारीचं नाव त्या यादीतच नाही." मग तिने फडकं पिळलं आणि पुढची पायरी घेतली.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात नुसती वादावादी. "तिला सांग, आधी सॉलिसिटर गाठ," मोहन माझ्याशी मराठीत तावातावाने बोलायचा. "आत्ता फ्लाइट पकडणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे. तिकडे एअरपोर्टवर कोणाचा कंट्रोल आहे, हेसुद्धा कुणाला माहीत नाही." मी ते तिला इंग्रजीत सांगायचे, जरा मऊ करून. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "तुझी मुलगी असती तर?" आम्हाला मूलबाळ नव्हतं. रेडिओवर एक दिवस सांगितलं, की कचेरीत येणाऱ्या बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे असा हुकूम निघालाय आणि तेहरानच्या बर्फात हजारो बायका त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्यात. खानूमने रेडिओ बंद केला, आत जाऊन लिपस्टिक लावली आणि तिकीट काढायला निघाली.

जायच्या दिवशी सकाळी तिने डब्यात एक कागद वाढवला. काही कारणाने लाले एकटीच आली, तर ती माझ्याकडे राहील, असं लिहून खाली सही. "आपण दोघीच येऊ," ती म्हणाली, "पण तिसरी प्रत असावी." जिन्यावर पातळ बर्फ होतं. ती बॅग सांभाळत, कठड्याला धरून उतरली. वळणावर थांबून तिने वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. माझे हात रिकामे होते. मी ते हलवले. तेव्हा ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते." मला त्या क्षणी वाटलं, झालं, माझ्या रीतीने झालं सगळं. तिची रीत मात्र राहिली, हे माझ्या मनातही आलं नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. तेहरानचा फोन लागता लागत नसे. एप्रिलमध्ये तिच्या भावाच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने तिची चिठ्ठी आणून दिली. मुलीला घेऊन परत निघताना तिला विमानतळावरच अडवलं होतं. बाप असताना आई मूल पळवतेय, अशी नवऱ्याची तक्रार आधीच पोचलेली. पासपोर्ट काढून घेतला, कोर्टाचा निकालही घेतला. "अधिकाऱ्याने तो वाचलासुद्धा नाही," तिने लिहिलं होतं. "म्हणाला, हा गेल्या सरकारचा कागद. माझा कोट मागून घेतला गं." चिठ्ठी वाचून मी मोहनवर ओरडले, मग मिसेस गिलक्रिस्टवर, मग स्वतःवर.

जूनमध्ये एका दुपारी घंटा वाजली. दारात काळी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ, हातात जपमाळ, आणि त्यांच्या कोटाला धरून उभी असलेली एक मुलगी. ते लालेचे आजोबा, बापाचे वडील. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत ते बोलले. "मी नमाज पढणारा माणूस आहे. आईपासून मूल तोडायला मला कुणी शिकवलं नाही. मुलगा ऐकत नाही. पण कायद्यात माझी सही चालते. तिच्या आईची चालत नाही. म्हणून मी सही केली. दोन महिन्यांच्या प्रवासासाठी." खानूम जाऊन त्यांच्या पायाशी बसली होती, हे मला नंतर कळलं. तिची एकच विनंती होती: मला अडकवा, पण मुलीला जाऊ द्या. आजोबा चार दिवस राहून परत गेले. आमच्या सोफ्यावर बसून ते माळ ओढायचे आणि कुणी पाहत नाहीसं वाटलं की डोळे टिपायचे.

दोन महिन्यांसाठी आलेली लाले आमच्याकडेच वाढली. सरकारी कचेऱ्यांतून जे खेटे घालावे लागले त्यात बिस्किटांच्या डब्यातला एकेक कागद उपयोगी पडला. खानूमला पासपोर्ट कधीच मिळाला नाही. पत्रं यायची, फोडून पुन्हा चिकटवलेली. हॉस्पिटलच्या दारात ओठ तपासायला एक बाई उभी असते, असं तिने एकदा लिहिलं. "म्हणून मी प्रयोगशाळेचं दार लावून घेते आणि मायक्रोस्कोपसमोर बसून लिपस्टिक लावते. तू विचारशील, कोण बघतंय? मी बघते ना." बारा वर्षांनी तिच्या आजारपणाची आणि पाठोपाठ ती गेल्याची बातमी आली. तेव्हा लाले मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती.

पण मला राहून राहून आठवतो तो पहिल्या वर्षीचा ऑक्टोबर. मोहन कामासाठी लंडनला निघाला होता. लालेला एव्हाना जुजबी इंग्रजी येऊ लागलं होतं. ती स्वयंपाकघरातून दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन आली आणि तिने ते त्याच्या पाठीमागे टाकलं. मी अडवलं नाही. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आईच्या मागे टाकलं होतंस?"

मी खरं ते सांगितलं. टाकलं नाही, जिन्यावर बर्फ होतं.

ती आत गेली, पातेलं पुन्हा भरून आणलं आणि दोन्ही हातांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली ओतलं. पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून उतरत गेलं. खाली मिसेस गिलक्रिस्टचं दार उघडलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, वर आमच्याकडे पाहिलं, आणि पाणी पुसायला न येता दार हळूच लावून घेतलं.

"उशिरा टाकलं तरी चालतं ना?" लालेने विचारलं.

"चालतं," मी म्हणाले. त्या मुलीशी मी आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले.