बाबांचा कप्पा

लष्कराच्या छावणीतल्या बालवाडीच्या बाईंना मुलांच्या आया मागून ‘तोफ’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. बाकी सगळ्याचा होता. उशिरा येणाऱ्या आयांचा, डब्यात नुसती बिस्किटं कोंबणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त दर दोन वर्षांनी बदलून येणाऱ्या साहेबांच्या बायकोचा. छावणीत नवऱ्याचं पद बायकोला आपोआप चिकटतं. साहेब मोठे, म्हणून त्यांची बायको बालवाडीच्या समितीची अध्यक्ष. मग तिनं आयुष्यात एका मुलाचं नाक पुसलेलं असो वा नसो. बावीस वर्षांत बाईंनी अशा दहा मॅडम पचवल्या होत्या. एकीनं भिंती गुलाबी केल्या, दुसरीनं निळ्या, तिसरीनं पुन्हा गुलाबी.

बाई स्वतः शिपायाची मुलगी. दहा वर्षांची होईपर्यंत सात शाळा झाल्या होत्या. वडील लांब नेमणुकीवर गेले की ती पोर त्यांचा जुना मफलर उशाखाली घेऊन झोपायची. ते लक्षात ठेवूनच त्यांनी बालवाडीत कपाटाचा खालचा कप्पा राखून ठेवला होता. ज्याचे बाबा दूर गेले, त्या मुलानं त्यांचा एक अंगावरचा कपडा आणायचा. टोपी, रुमाल, मोजा, काहीही. जेवणानंतर सतरंजीवर आडवं व्हायच्या वेळी ज्याला हवा त्यानं तो घ्यायचा आणि नाकाशी धरून झोपायचं. नियम एकच: धुवायचं नाही. बाबा परत आले की स्वतः येऊन आपला मोजा घेऊन जात. भले मिशाळ गडी, पण त्या वेळी लाजून पार पाणी पाणी होत.

एक बनियन मात्र न्यायला कुणी येणार नव्हतं. ते चिमणीच्या बाबांचं होतं. चिमणी चार वर्षांची. तिचे बाबा दोन महिन्यांपूर्वी सीमेवर मारले गेले होते. तरी ती रोज दुपारी ते बनियन काढून घेई, त्यात नाक खुपसून पाच मिनिटांत झोपी जाई आणि उठल्यावर परत कप्प्यात ठेवी.

अकरावी मॅडम आली ती तपासणीची तारीख घेऊनच. कप्पा उघडून तिनं पदर नाकाला लावला.

“शी! हे मळके मोजे इथे कशाला? मुलं तोंडात घालतात की काय?”

“नाकाला लावतात,” बाई म्हणाल्या.

“सोमवारी तपासणी आहे. हा कप्पा मला स्वच्छ दिसला पाहिजे.”

या वेळी बाईंनी चार वाक्यं बोलायला हवी होती. नियम काय, तो का, आणि ते बनियन कुणाचं. पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर आपटली.

“एवढी हौस असेल तर तुम्हीच करा. मी शुक्रवार-शनिवार रजेवर.”

त्यांचा हिशोब सरळ होता. ही मॅडम दोन बोटांनी एक मोजा उचलेल, ओकारी येईल आणि विषय संपेल. रजेच्या दोन्ही दिवशी बाई घरी गरम पाण्यात पाय सोडून बसल्या आणि तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून मनातल्या मनात हसत राहिल्या.

सोमवारी त्यांनी कप्पा उघडला. सगळे कपडे लष्करी लॉन्ड्रीतून धुऊन आले होते. काठाला काठ लावलेल्या घड्या, प्रत्येकीवर मुलाच्या नावाची जुनी चिठ्ठी पुन्हा टाचलेली. मोज्यांना इस्त्री. बनियनलासुद्धा खळ!

“मी स्वतः उभं राहून करून घेतलं,” मॅडम म्हणाल्या. तपासणीवाले आले, कप्पा बघून खूश झाले, चांगला शेरा लिहून गेले.

दुपारी मुलं आडवी झाली. कुणी रुमाल फेकला, कुणी भोकाड पसरलं. चिमणीनं बनियन नाकाला लावलं. मग उलटं करून लावलं. मग गळ्यापाशी, मग काखेपाशी. शेवटी तिनं त्याची होती तशी घडी घालायचा प्रयत्न केला आणि ते बाईंच्या हातात आणून दिलं.

“हे नाही. माझ्या बाबांचं द्या.”

“हेच आहे गं बाळा.”

“हे दुकानातलं आहे,” ती म्हणाली आणि सतरंजीवर ताठ बसून राहिली. खरं कधी मिळतं याची वाट बघत. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

बाई तरातरा मॅडमपुढे गेल्या. “झालं समाधान? पोरीकडे तेवढंच उरलं होतं, तेही धुऊन काढलंत!”

मॅडमचा चेहरा पडला, पण आवाज खाली आला नाही. “मला कुणी सांगितलं? तुम्ही एक शब्द बोललात? किल्ली आपटलीत फक्त.”

तोफेचा गोळा बावीस वर्षांत प्रथमच उलटून तोफेवर आला. मॅडमचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळेच तर बाईंना तिचा जन्मात आला नव्हता इतका संताप आला.

सुटीच्या वेळी चिमणीची आई आली. लेक झोपलेली नाही हे तिला डोळ्यांवरूनच कळलं. मग तिला बाईंच्या हातातलं पांढरंशुभ्र बनियन दिसलं.

“कोणी धुतलं?”

मॅडम दारातच उभ्या होत्या. बाईंनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

“किल्ली मी दिली,” बाई म्हणाल्या.

आईनं बनियन हातात घेतलं. तिनंही ते एकदा नाकाशी नेलं.

“घरचं सगळं मी पहिल्याच आठवड्यात धुऊन टाकलं हो, बाई,” ती म्हणाली. “वेड्यासारखं. हे एक तुमच्याकडे आहे, म्हणून मी रोज हिला न्यायला जरा लवकर येऊन त्या कप्प्यापाशी उभी राहत होते.”