अर्धीच कुजणारी चप्पल

मित्रांनो, आज तेलीबांध्याच्या सभागृहात माझ्या भाषणाला जोरदार टाळ्या पडल्या. त्यांची मला अजून शरम वाटते आहे.

माझी पुतणी मेघा प्रयोगशाळेत रबरासारखं प्लास्टिक बनवते. तापवलं की वितळतं, पुन्हा साच्यात ओतता येतं. त्याच्या रेणूंच्या साखळीची दोन्ही टोकं मक्याच्या साखरेपासून केलेली असतात. ती मातीत हळूहळू कुजतात. मधला लवचिक भाग मात्र कुजत नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने त्याचे तळवे लावून चप्पल काढली आणि उद्घाटनाला मला बोलावलं.

गाडीत मेघा म्हणाली, "काका, अर्धंच कुजते, हे नक्की सांगजा."

"हव, सांगतो ना!"

माईक हातात आला आणि मी गरजलो, "ही चप्पल मातीतून आली, मातीतच जाईल!"

मेघा उभी राहिली. प्रयोगासाठी कुंडीच्या मातीत पुरलेल्या तळव्याचा उरलेला चिकट गोळा तिने वर धरला आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "काका, पूरी नहीं जाती. ये देखिए, इतना बच गया."

कारखानदार हसला. "बेटी नर्वस हो गई. तालियाँ!"

लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर खोटेपणावर तुटून पडणारा मी गळ्यातला हार सांभाळत बसून राहिलो.

जाताना तिने तो गोळा माझ्या हातात ठेवला.

सभागृहात जे होते त्यांनी माझं वाक्य खोडावं, तिचं लक्षात ठेवावं. आणि एवढं सांगा, तुमच्यापैकी एकानेही तो गोळा बघायला का मागितला नाही?

मी तरी कुठे मागितला?