रविवारी आणा

डोंबिवलीत तेव्हा वीज सगळ्या आळ्यांत पोचली नव्हती, पण माझ्या अक्षराची कीर्ती पोचली होती. आज हे हसत लिहितोय. तेव्हा मला त्याचा चांगलाच ताठा होता. मी शिकवायचो त्या शाळेतली प्रगतिपुस्तकं, लग्नाच्या याद्या, निवृत्त होणाऱ्या स्टेशनमास्तरांना द्यायचं मानपत्र, सगळं माझ्याकडे यायचं. मी दौत आणि टाक काढून बसलो की घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम मीच घातला होता.

पहिल्या निवडणुकीत आमच्या भागातून निवडून आलेले आमदारही असेच माझ्याकडे आले. त्यांना अर्ज लिहायला माणूस हवा होता. कल्याणला राहायचे, बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेले, उंच, थोडे वाकलेले. लोक त्यांना भाऊ म्हणायचे. आमदार झाल्यावर काही जण साहेब म्हणायला लागले, ते त्यांना आवडायचं नाही. मी मात्र मुद्दाम साहेब म्हणायचो, कारण साहेबांचा चिटणीस म्हणवून घेण्यात मजा होती.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं खेड्यांत जायचो. कधी टांगा, कधी बैलगाडी, बऱ्याच वेळा पायी. एखाद्या ओट्यावर घोंगडी अंथरली जायची, चहा यायचा आणि माणसं गोळा व्हायची. विहीर, रस्ता, शाळेची कौलं, खाडीतलं पाणी शेतात शिरतं त्याचा बांध, असं सगळं निघायचं आणि मी लिहून घ्यायचो. उठायच्या आधी भाऊ प्रत्येक गावात एकच प्रश्न विचारायचे, "इथं शेवटचं कोण गेलं आणि कशानं?"

पहिल्यांदा मला तो प्रश्न अशुभ वाटला. मी तसं त्यांना परत येताना बोललोही. ते म्हणाले, म्हाताऱ्याचं नाव सांगितलं तर ठीक, तरण्याचं सांगितलं तर आपल्याला काम आहे. बहुतेक गावांत तरण्यांचीच नावं यायची. पोट दुखून गेला, बाळंतपणात गेली, धाप लागून गेलं. कशानं, याचं उत्तर कोणालाच नीट देता यायचं नाही, कारण कशानं हे सांगणाराच कोणी तिथं नव्हता.

डॉक्टर अजिबात नव्हते असं नाही. ठाण्याला होते, कल्याणला होते, डोंबिवलीत स्टेशनजवळ दोघे होते. मानपाड्याच्या पुढे जाऊन राहायला मात्र कोणी तयार नव्हतं. तिथल्या एका गावात लोकल बोर्डानं दोन खोल्यांचा कौलारू दवाखाना बांधून ठेवला होता. दोन वर्षं त्याला कुलूप होतं आणि व्हरांड्यात शेळ्या बसायच्या.

भाऊंनी त्या कुलपाचा ध्यास घेतला. विधानसभेत प्रश्न विचारले, मुंबईच्या मेडिकल कॉलेजात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बोलले. मुलांनी ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि कोणी आलं नाही. मग त्यांनी बोलायचं सोडून विचारायला सुरुवात केली. तिथं यायला तुम्हाला काय काय लागेल? राहायची जागा, गोड पाण्याची विहीर, मदतीला कंपाउंडर, वाचायला वर्तमानपत्र. एकेक गोष्ट मी वहीत लिहिली आणि ते एकेक मिळवत गेले. शेवटी एक जण अर्धा कबूल झाला. मूळचा कोकणातला, बिनलग्नाचा, लाजाळू. वडील परवानगी देतील की नाही, अशी त्याला शंका होती. भाऊ बोटीनं त्याच्या गावी गेले, दोन दिवस त्याच्या वडिलांच्या पडवीत राहिले आणि एका वर्षाची परवानगी घेऊन आले. परत आले तेव्हा बोटीच्या त्रासानं चेहरा उतरला होता, पण हसत होते. मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

उद्घाटनाची कल्पना माझी. भाऊ म्हणत होते की डॉक्टर आले की कुलूप काढायचं, झालं. मीच हटून बसलो. दोन वर्षांनी दवाखाना उघडतोय आणि नुसतं कुलूप काढायचं? मंत्र्यांना बोलवू, म्हणजे औषधांचा पुरवठाही सुरळीत राहील. हा मुद्दा त्यांना पटला. रविवार ठरला. कार्यक्रमपत्रिका मी लिहिली आणि तीत माझ्या डोक्यातून निघालेलं एक कलम घातलं, 'प्रथम रुग्णाची नोंद माननीय मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते'. कोरी नोंदवही आणली, पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिलं, वर 'श्री' काढला आणि खाली समास आखून ते पान रिकामं ठेवलं. पहिला रुग्णही मी निवडून ठेवला. पोलीस पाटलांचे वडील. त्यांना जुना खोकला होता आणि फेटा छान बांधायचे.

डॉक्टर बुधवारीच आले. त्यांची खोली अजून सारवायची होती म्हणून माझ्या घरी उतरले. भाऊ अधिवेशनासाठी मुंबईत होते, रविवारी मंत्र्यांबरोबरच यायचे होते. किल्ली माझ्याकडे होती. गुरुवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, नुसतं बसून काय करू, आजपासून जातो, चार माणसं तपासतो. मी त्यांना समजावलं की रविवारआधी नोंदवहीत नाव पडलं तर कार्यक्रमाची शोभा जाईल. ते फार वाद घालणारे नव्हते. मी त्यांना आमच्या ओळखीच्या घरी चहाला फिरवलं. माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या.

शुक्रवारी दुपारी मी एकटाच दवाखान्यात गेलो. शिडीवर चढून दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधत होतो. तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली. जवळच्या पाड्यावरची एक आगरी बाई पुढे बसली होती. पन्नाशीची असेल. मागे गवतावर तिची सून गोधडी पांघरून पडली होती. कडक ऊन होतं आणि तिला थंडी वाजत होती.

"मास्तर, डागतर आयला का?" बाईनं खालून विचारलं. "बालंतीन हाय. दोन दिस ताप उतरत नाय."

मी शिडीवरून उतरलोसुद्धा नाही. दातात सुतळी धरली होती, ती काढून म्हणालो, "रविवारी येणार आहेत. रविवारी आणा. नंबर लावून ठेवतो."

त्या क्षणी मला वाटलं की मी तिच्यावर उपकारच करतोय. खोटं बोलतोय, हे मनात आलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आलं होतं. पण डॉक्टर आलेत म्हटलं असतं तर कुठे आहेत, का भेटत नाहीत, हे सगळं आलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत पन्नास माणसं माझ्या दारात उभी राहिली असती. गाडी जुंपलेली होती, डोंबिवली तासाभराच्या अंतरावर होती, तिथे डॉक्टर माझ्याच घरी कॉटवर पडून वर्तमानपत्र वाचत होते. आमच्याकडे नाही तर निदान स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

बाईनं आज वार कोणता, ते विचारलं. मी शुक्रवार म्हणालो. तिनं बोटावर दोन दिवस मोजले, "रईवारी" असं स्वतःशी म्हणाली आणि गाडी वळवली. मी तोरणाची दुसरी बाजू बांधायला घेतली.

सून शनिवारी दुपारी गेली. मला ते रविवारी मंत्र्यांची वाट बघत असताना कळलं. त्या पाड्यावरून कोणीच का आलं नाही, असं मी विचारलं, तेव्हा पाटलांनी सांगितलं. पाठोपाठ मंत्री आले, नेहमीप्रमाणे उशिरा. फीत कापली, फोटो निघाला, पाटलांचे वडील अगदी वेळेवर खोकले. पहिल्या पानावर त्यांचं नाव मंत्र्यांनी लिहिलं. अक्षर वाईट होतं. त्या परिस्थितीतही ते माझ्या नजरेला खुपलं, याची लाज आजही वाटते.

दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः त्या पाड्यावर जाऊन आले. घरात कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं की शुक्रवारी दवाखान्यात कोणी आलं होतं का. मी म्हणालो, माझ्या कानावर तरी नाही. त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पेनिसिलिन होतं माझ्या बॅगेत."

तोपर्यंत गावाला एवढंच कळलं होतं की डॉक्टर बुधवारी आलेले आणि चार दिवस डोंबिवलीत पुरणपोळ्या खात बसलेले. बाळंतीण मेली तरी हा उठला नाही. भाऊंनी गावात सभा घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक डॉक्टरांची नाही, चूक माझी आहे, उद्घाटनाचा घाट मी घातला." लोकांनी हात जोडले. भाऊ किती मोठ्या मनाचे, दुसऱ्याचं पाप अंगावर घेतात, असं म्हणत घरी गेले आणि डॉक्टरांवरचा राग तसाच राहिला. मी त्या सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. तिथे उभं राहून दोन वाक्यं बोलणं एवढंच काम होतं आणि ते फक्त मलाच करता येण्यासारखं होतं.

डॉक्टर पाच महिने टिकले. बायका त्यांच्याकडे यायच्या नाहीत, पुरुष आले तर औषध घेऊन जायचे आणि टाकून द्यायचे. पाणी भरणारा गडी येईनासा झाला. एक दिवस त्यांनी पत्र्याची ट्रंक बांधली. स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. ते म्हणाले, माझ्यात काहीतरी कमी पडलं असेल, पण तुमच्या घरी मला घरच्यासारखं वाटलं, वहिनींना नमस्कार सांगा. मी मान हलवली.

त्यानंतरची वर्षं दुसरा डॉक्टर मिळवण्याच्या पत्रांत गेली. ठाण्याच्या लोकल बोर्डाला, मुंबईला खात्याला, कॉलेजांना. मजकूर भाऊ सांगायचे, पण जागा रिकामी का झाली याचं वाक्य माझं होतं, 'पूर्वीच्या डॉक्टरांचे स्थानिक लोकांशी न जमल्यामुळे'. भाऊ पत्र वाचताना बरोबर तिथे थांबायचे. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, हे वाक्य असंच ठेवायचं ना?" मी हो म्हणायचो. ते सही करायचे. असं किती वेळा झालं ते आठवत नाही. मला वाटायचं, म्हातारपणामुळे विसरतात आणि तेच तेच विचारतात.

डॉक्टर मिळाला नाही. एकदा कॉलेजातल्या मुलांपैकी एकानं मला तोंडावर सांगितलं की त्या गावाचं नाव झालंय, तिथे कोणी जाऊ नये म्हणतात. दुसऱ्या निवडणुकीला भाऊ उभे राहिले नाहीत. पुढे वर्षभरात गेले.

गावानं शोकसभा ठेवली, ती दवाखान्याच्याच व्हरांड्यात. आत कंपाउंडर तेवढा होता. मुख्य भाषण अर्थातच माझं. मी रविवारचे दौरे सांगितले, तो शेवटचं कोण गेलं हा प्रश्न सांगितला, बोटीचा प्रवास सांगितला. लोकांनी डोळे पुसले. ओघात मी हेही म्हणालो की एवढ्या कष्टानं आणलेल्या डॉक्टरांचं दुर्दैवानं लोकांशी जमलं नाही.

सभा संपल्यावर लोक घोळक्यानं बोलत उभे होते. ती बाई माझ्यासमोर आली. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. कडेवर पाच वर्षांची नात होती, झोपेला आलेली, खरं तर कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "भाऊंना मी तवाच सांगलेला. शिडीवर तुमी होतात म्हनून."

मला पहिल्यांदा अर्थच लागेना. भाऊंना कधी, असं मी विचारलं. सून गेली त्याच आठवड्यात भाऊ एकटे तिच्या घरी येऊन बसले होते, असं तिनं सांगितलं. तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मंग बोलले, तू गावात नको बोलूस. मास्तर शिकलेला मानूस हाय, आपनहून सांगंल. जरा थांब." तिनं नातीला सावरलं. "मी थांबले, मास्तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. भाऊंनी चष्मा वर सरकवून किती वेळा माझ्याकडे पाहिलं होतं, ते मला तिथे उभ्या उभ्या दिसायला लागलं. प्रत्येक सहीच्या आधी ते मला जागा करून देत होते आणि मी हो, असंच ठेवायचं, म्हणत होतो.

"आता सांगा," ती म्हणाली. "मानसं हायेत अजून."

मी बघितलं. पाटील होते, आमच्या शाळेचे हेडमास्तर होते, कल्याणहून आलेली चार प्रतिष्ठित मंडळी होती. हेडमास्तर माझं भाषण चांगलं झालं असं खुणेनं सांगत होते. मी घसा साफ केला आणि तिला म्हणालो, आता घाई आहे, लोक निघालेत, पुढच्या रविवारी मुद्दाम येतो आणि सगळ्यांना बोलावून नीट सांगतो.

"रईवारी," ती म्हणाली, अगदी तेव्हा म्हणाली होती तसंच, आणि नातीला घेऊन पायऱ्या उतरली.

त्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.